बरा दिसतोय म्हणून डॉक्सीसायक्लिन थांबवू नका: कुत्र्यांमधल्या एर्लिकियाविषयी

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. साडेचार वर्षांचा, ३२ किलो वजनाचा जर्मन शेफर्ड. ताप, जेवण बंद, पोटाच्या कातडीवर बारीक लाल ठिपके. रक्त तपासल्यावर प्लेटलेट ४२,००० निघाल्या आणि झटपट किटवर एर्लिकिया, म्हणजे गोचिडांमार्फत पसरणारा एक जंतू, पॉझिटिव्ह आला. डॉक्सीसायक्लिन या प्रतिजैविकाची १०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, २८ दिवस, असा उपचार लिहून मिळाला. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, चौथ्या दिवसापासून तो जेवू लागला. आज बारावा दिवस आहे आणि प्लेटलेट १,६०,००० आहेत. पण गोळीनंतर अधूनमधून उलटी होते, दुसऱ्यांदा केलेली किट टेस्टही पॉझिटिव्हच आली, आणि ओळखीतल्या कुणीतरी सांगितलं की गोळ्या बंद करून इमिडोकार्बची दोन इंजेक्शनं दिली की काम होतं. घरात आणखी एक कुत्रीही आहे. आता काय करावं?

गोळ्या थांबवू नका. मात्रा वजनाप्रमाणे पुन्हा मोजून घ्या, मला ती कमी वाटते. किट टेस्ट आता पुन्हा करू नका. इमिडोकार्ब हे एर्लिकियावरचं औषध नाही. आणि गोचिडांचा बंदोबस्त आजच सुरू करा. यातल्या प्रत्येक गोष्टीमागचं कारण सविस्तर सांगतो, कारण कारण कळलं नाही तर तेराव्या-चौदाव्या दिवशी खेळणाऱ्या कुत्र्याकडे बघून गोळी पुढे द्यावीशी वाटत नाही.

मात्रेपासून सुरुवात करू, कारण ती दुरुस्ती आजच्या आज होऊ शकते. या रोगात डॉक्सीसायक्लिन दर किलो वजनामागे रोज १० मिलिग्रॅम लागतं. ते एकदम दिलं तरी चालतं किंवा ५-५ असं सकाळ-संध्याकाळ. ३२ किलोला हा हिशोब ३२० मिलिग्रॅम होतो. तुमच्या कुत्र्याला रोज २०० मिळतंय, म्हणजे किलोमागे सव्वासहा. मोठ्या कुत्र्याचं वजन नजरेने धरलं गेलं की असं होतं. त्याला पुन्हा काट्यावर उभं करा आणि तो आकडा घेऊन तुमच्या पशुवैद्यांकडे जा. स्वतःहून गोळ्या वाढवू नका, कारण त्याचं यकृत आणि इतर औषधं काय आहेत हे त्यांना ठाऊक आहे. अशा वेळी मी स्वतः पूर्ण मात्रा सुरू झाल्याच्या दिवसापासून २८ दिवस मोजतो. आधीचे बारा दिवस वाया गेले असं नाही, त्यांनीच त्याला उठवलं आहे. पण ते हिशोबात धरून घाई करण्यात काही फायदा नाही.

आता २८च दिवस का. एर्लिकिया कॅनिस हा जंतू रक्तात मोकळा फिरत नाही. तो पांढऱ्या पेशींपैकी मोनोसाइट नावाच्या पेशींच्या आत शिरतो. जंतू गिळून पचवणं हेच या पेशींचं काम. पण हा जंतू आत गेल्यावर पेशीची पचवण्याची यंत्रणा आपल्यापर्यंत पोहोचू देत नाही आणि तिथेच वाढतो. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, सेफॅलेक्सिन या नेहमीच्या प्रतिजैविकांचा इथे काहीच उपयोग होत नाही. डॉक्सीसायक्लिन पेशीच्या आत पोहोचतं आणि जंतूची प्रथिनं बनवण्याची क्रिया अडवतं. पण ते जंतूची वाढ थांबवतं, त्याला थेट मारून टाकत नाही. वाढ थांबलेला जंतू शरीराच्या प्रतिकारशक्तीने हळूहळू संपवायचा असतो आणि त्याला वेळ लागतो. प्रयोगांत आठवडाभर डॉक्सीसायक्लिन दिलेल्या काही कुत्र्यांच्या शरीरातून जिवंत जंतू पुन्हा मिळाले आहेत, आणि ती कुत्री तोवर बरी दिसत होती. अमेरिकन कॉलेज ऑफ व्हेटर्नरी इंटर्नल मेडिसिनने २००२ साली एर्लिकियावर जे एकमताचं निवेदन काढलं त्यात किलोमागे १० मिलिग्रॅम आणि २८ दिवस हेच सांगितलं आहे. जगभरातले पशुवैद्य आजही त्याच चौकटीत काम करतात.

या रोगाबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ती ही की कुत्रा बरा दिसणं आणि त्याच्या शरीरातून रोग जाणं या दोन घटना वेगवेगळ्या वेळी घडतात. कधीकधी त्यांच्यात महिन्यांचं अंतर असतं.

गोचीड चावल्यानंतर साधारण ८ ते २० दिवसांनी पहिला टप्पा सुरू होतो. ताप, मरगळ, भूक जाणं, गाठी आणि प्लीहा सुजणं, क्वचित नाकातून रक्त, डोळे लाल होणं, पाय दुखून लंगडणं. हा टप्पा दोन ते चार आठवडे चालतो. मालकांना सांगूनही पटत नाही अशी गोष्ट म्हणजे अनेक कुत्री या टप्प्यातून औषधाशिवायही बाहेर पडतात. ताप जातो, जेवण सुरू होतं, घरातले सुटकेचा श्वास सोडतात. पण जंतू प्लीहेत ठाण मांडून बसलेला असतो. हा दुसरा, मुका टप्पा. प्रयोगात संसर्ग झालेली काही कुत्री जवळजवळ तीन वर्षं वरून ठणठणीत राहून जंतू बाळगत होती. या काळात प्लेटलेट किंचित कमी आणि रक्तातलं ग्लोब्युलिन नावाचं प्रथिन किंचित जास्त, एवढीच खूण असते, तीही कुणी रक्त तपासलं तर. काही कुत्री याच काळात स्वतःच्या ताकदीवर जंतूपासून पूर्ण सुटतात. उरलेल्यांपैकी काहींमध्ये तिसरा टप्पा येतो, आणि तो फार वाईट असतो. कोणतं कुत्रं कुठल्या वाटेने जाईल हे आधी सांगता येत नाही. म्हणूनच पहिल्या टप्प्यात, औषध उत्तम लागू पडत असताना, पूर्ण उपचाराचा आग्रह धरायचा.

तुमचा कुत्रा जर्मन शेफर्ड आहे म्हणून हा आग्रह जास्त आहे. या जंतूची पहिली नोंद १९३५ साली अल्जीरियात डोनातिएँ आणि लेस्तोकार या दोन फ्रेंच संशोधकांनी केली. तरी पुढची कित्येक वर्षं तो फारसा गंभीर मानला गेला नाही. १९६०च्या दशकाच्या शेवटी व्हिएतनाममध्ये अमेरिकन सैन्याची कुत्री नाकातून रक्त वाहून मोठ्या संख्येने दगावली तेव्हा सगळे खडबडून जागे झाले. त्यांत जर्मन शेफर्डच जास्त होते. पुढे प्रयोगांत तोच जंतू बीगल आणि जर्मन शेफर्ड यांना दिला गेला तेव्हा बीगल सौम्य आजारी पडले आणि शेफर्ड गंभीर. शेफर्डच्या पेशींची प्रतिकारशक्ती या जंतूपुढे कमी पडते असं दिसलं. सायबेरियन हस्कीचंही तसंच. सगळेच शेफर्ड तिसऱ्या टप्प्यात जातात असं अजिबात नाही, पण अर्धवट उपचाराची जोखीम घेण्याची ही जात नव्हे.

तिसऱ्या टप्प्यात अस्थिमज्जा, म्हणजे जिथे रक्त तयार होतं ती जागा, काम सोडत जाते. प्लेटलेट, लाल पेशी, पांढऱ्या पेशी तिन्ही खाली येतात. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या पडतात, नाकाचा घोळणा फुटून तासन्‌तास थांबत नाही, वजन झडतं, पाय आणि पोट सुजतं, साध्या जखमा चिघळतात. इथे डॉक्सीसायक्लिन देऊनही सुधारणा महिन्यांनी होते किंवा होतच नाही, कारण आता अडचण फक्त जंतूची राहिलेली नसते. मज्जाच रिकामी झालेली असते. अशी कुत्री रक्त चढवून, संसर्गापासून जपून, मज्जा जागी होईपर्यंत तगवावी लागतात. काही तगतात. तिन्ही पेशी फार खाली गेलेल्यांपैकी बरीच तगत नाहीत, आणि हे मालकाला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगणं मी कर्तव्य समजतो. यातल्या कितीतरी कुत्र्यांच्या इतिहासात 'मागे एकदा ताप आला होता, चार-पाच दिवस गोळ्या दिल्या, मग बरा झाला' हे वाक्य असतं. तुम्हाला आज एवढं लांबलचक लिहिण्याचं कारण तेच आहे.

प्लेटलेटचा आकडा कसा वाचायचा तेही सांगतो, कारण या आजारात सगळं घर त्या एका आकड्याकडे डोळे लावून बसतं. निरोगी कुत्र्यात त्या साधारण दोन ते पाच लाखांच्या दरम्यान असतात. काही प्रयोगशाळा खालची मर्यादा दीड लाखाची धरतात. एर्लिकियात त्या घटतात याला एकच कारण नाही. सुजलेल्या रक्तवाहिन्यांत त्या खर्च होतात, प्लीहेत अडकतात, आणि शरीराची प्रतिकारशक्तीच त्यांना परक्या समजून नष्ट करते. शिवाय उरलेल्या प्लेटलेटही नीट चिकटत नाहीत, त्यामुळे आकडा फार खाली नसतानाही कधीकधी रक्तस्राव होतो. आपोआप रक्तस्रावाची भीती साधारण ५०,०००च्या खाली सुरू होते आणि ३०,०००च्या खाली ती खरोखरीची असते. मात्र रक्त घेताना प्लेटलेटचे गठ्ठे झाले तर यंत्र खोटा कमी आकडा देतं. फार कमी आकडा आला आणि कुत्रा त्यामानाने बरा असेल तर काचपट्टीवर रक्ताचा थर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली कुणी डोळ्यांनी पाहिलं का, हे जरूर विचारा. काही जातींची ठेवणच वेगळी असते: ग्रेहाउंडमध्ये प्लेटलेट मुळातच कमी असतात, आणि कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनिएलमध्ये त्या आकाराने मोठ्या आणि संख्येने कमी.

तुमच्या कुत्र्याच्या प्लेटलेट बारा दिवसांत ४२,००० वरून १,६०,००० वर आल्या, हा उत्तम प्रतिसाद आहे. पहिल्या टप्प्यातल्या कुत्र्यात असंच व्हायला हवं: २४ ते ७२ तासांत ताप आणि मरगळ कमी, दोन आठवड्यांच्या आसपास प्लेटलेट जागेवर. याचा अर्थ निदान बरोबर आहे आणि औषध लागू पडतंय. औषध थांबवायला हरकत नाही, असा त्याचा अर्थ नाही.

प्लेटलेट पूर्ववत होईपर्यंत दांडगाई नको, उंच उड्या नकोत, कडक हाडं आणि कडक खेळणी नकोत, दुसऱ्या कुत्र्याशी झोंबाझोंबी नको. आणि ही गोष्ट मी हात जोडून सांगतो: घरातली माणसांची तापाची किंवा दुखण्याची गोळी कुत्र्याला देऊ नका. आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन पोटात रक्तस्राव करतात आणि प्लेटलेटचं उरलंसुरलं काम बंद पाडतात. पॅरासिटामॉलची मात्रा थोडी चुकली तरी यकृत धोक्यात येतं. ४२,००० प्लेटलेट असलेल्या कुत्र्याला तापासाठी म्हणून दिलेली अशी एक गोळी मूळ आजारापेक्षा घातक ठरू शकते. प्लेटलेट वाढवण्यासाठी पानांचे रस पाजण्याबद्दलही विचारलं जातं. कुठलाही रस मोनोसाइटच्या आत बसलेल्या जंतूपर्यंत पोहोचत नाही. मळमळणाऱ्या कुत्र्याच्या घशात तो बळेच ओतला तर फुप्फुसात जाण्याचा धोका मात्र आहे. नका देऊ.

प्लेटलेट फारच खाली असतील आणि शरीर स्वतःच त्या मारतंय अशी दाट शंका असेल तर काही पशुवैद्य सुरुवातीचे दोन ते सात दिवस प्रेडनिसोलोन हे प्रतिकारशक्ती दाबणारं स्टेरॉइड देतात. ते चूक नाही, पण ते डॉक्सीसायक्लिनच्या जोडीला, थोड्या दिवसांसाठी आणि डोळ्यात तेल घालून. तुमच्या कुत्र्याला आता त्याची काही गरज दिसत नाही.

आता उलटी. डॉक्सीसायक्लिनचा हा ठरलेला त्रास आहे आणि बहुतेक वेळा गोळी देण्याच्या पद्धतीत बदल केला की थांबतो. उपाशीपोटी गोळी देऊ नका. आधी अर्धं जेवण, मग गोळी, मग उरलेलं जेवण. त्यानंतर पाणी पोटात गेलंच पाहिजे. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करू शकते. दूध, दही, चीज यांत लपवून देऊ नका, कारण कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं आणि ते रक्तात कमी जातं. लोहाचं टॉनिक, ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेली आम्लपित्ताची औषधं आणि सुक्राल्फेट यांचंही तेच. ही औषधं चालू असतील तर आधी डॉक्सीसायक्लिन आणि किमान दोन तासांनी ती. प्लेटलेट कमी दिसल्या की लोहाचं टॉनिक सर्रास सुरू केलं जातं. प्लेटलेटना त्याचा उपयोग नाही आणि डॉक्सीसायक्लिनच्या मात्र ते आड येतं. एवढं करूनही उलटी राहिली तर उलटीविरोधी औषध जोडणं किंवा मिनोसायक्लिन या त्याच गटातल्या औषधावर जाणं, हे मार्ग तुमच्या पशुवैद्यांकडे आहेत. त्याच वेळी यकृताची तपासणी करून घ्या, कारण डॉक्सीसायक्लिनने कधीकधी यकृताचे आकडे चढतात आणि भूक पुन्हा जाते. पण 'उलटी होते म्हणून दोन दिवस दिलं नाही' असं परस्पर करू नका.

इमिडोकार्बचा सल्ला कुठून आला असेल तेही समजून घ्या. पूर्वी ते एर्लिकियावर दिलं जात असे. पुढच्या अभ्यासांत दिसलं की ते हा जंतू शरीरातून काढत नाही. ते खरोखर उपयोगी आहे बबेशिया आणि हेपॅटोझून या गोचिडांमार्फतच येणाऱ्या दुसऱ्या परजीवींवर. एकाच गोचिडाकडून कुत्र्याला एकापेक्षा जास्त रोग मिळू शकतात, त्यामुळे ही इंजेक्शनं आणि डॉक्सीसायक्लिन बरोबरीने दिलेली दिसतात आणि लोक श्रेय चुकीच्या औषधाला देतात. हेपॅटोझून तर चावण्यातून येतच नाही. कुत्र्याने अंग चाटता-चावताना गोचीड गिळला की येतो. म्हणून जोड-संसर्ग आहे का हे जरूर पाहावं. डॉक्सीसायक्लिन नीट चालू असताना ७२ तासांत ताप उतरला नाही, लघवी गडद तांबडी झाली, हिरड्या पांढऱ्या किंवा पिवळ्या पडल्या, लाल पेशी घसरत राहिल्या, तर बबेशियाचा विचार आधी करायचा. त्यातही बबेशिया गिब्सोनी हा लहान आकाराचा प्रकार असेल तर इमिडोकार्ब पुरेसं पडत नाही; तिथे ॲटोव्हाक्वोन आणि ॲझिथ्रोमायसिन ही जोडी वापरतात. तुमच्या कुत्र्यात यातलं एकही लक्षण तुम्ही सांगितलेलं नाही. इमिडोकार्ब हे लाळ गळणं, उलट्या, इंजेक्शनच्या जागी दुखणं असे त्रास देणारं औषध आहे, कारणाशिवाय टोचू नये. आणि प्लेटलेट कमी असताना स्नायूत कुठलंही इंजेक्शन द्यायचं तर आत रक्त साकळण्याचा धोका असतो. एन्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाचंही असंच: त्याने ताप उतरतो, पण जंतू राहतो.

किट टेस्ट दुसऱ्यांदा पॉझिटिव्ह येणारच होती. ती जंतू शोधत नाही. जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधते. ती प्रतिपिंडं जंतू गेल्यावरही महिनोन्‌महिने, काही कुत्र्यांत वर्षानुवर्षं राहतात. म्हणजे पॉझिटिव्ह किट सांगते की या कुत्र्याची एर्लिकियाशी कधीतरी गाठ पडली आहे, बस. ती पाहून पुन्हापुन्हा डॉक्सीसायक्लिनचे कोर्स देत राहणं मी पाहतो तेव्हा वाईट वाटतं. याच्या उलट, अगदी सुरुवातीला, ताप येऊन दोन-चार दिवसच झालेले असताना ही टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते, कारण प्रतिपिंडं तयार व्हायला एक ते तीन आठवडे लागतात. गोचीड, ताप आणि घटलेल्या प्लेटलेट असं चित्र असेल तर निगेटिव्ह किटवर विसंबून औषध रोखू नये. एक-दोन आठवड्यांनी टेस्ट पुन्हा करावी किंवा पीसीआर करावी. पीसीआर जंतूचा डीएनए शोधते, म्हणून तिचं रक्त प्रतिजैविक सुरू होण्याआधी घ्यायला हवं. सूक्ष्मदर्शकाखाली मोनोसाइटच्या आत जंतूंचा तुतीच्या फळासारखा पुंजका दिसला तर निदान पक्कं, पण तो फार थोड्या रुग्णांत सापडतो. न दिसल्याने काहीच सिद्ध होत नाही.

मग रोग गेला हे कशावरून ठरवायचं? २८ दिवस संपले की पूर्ण रक्तगणना, ग्लोब्युलिनसह रक्तातली प्रथिनं आणि लघवी. लघवीचं कुणी विचारत नाही, पण या रोगात मूत्रपिंडाच्या गाळण्यांना इजा होऊन प्रथिनं वाहून जातात, आणि ते वेळीच कळलं तर बरंच काही करता येतं. गोळ्या बंद केल्यावर दोन ते चार आठवड्यांनी पीसीआर करता आली तर करा. ती निगेटिव्ह आणि प्लेटलेट स्थिर असतील तर पुन्हा एकदा तीन महिन्यांच्या आसपास रक्तगणना. पीसीआर पॉझिटिव्ह आली तर आणखी २८ दिवस उपचार आणि पुन्हा तपासणी. ग्लोब्युलिन लगेच उतरलं नाही म्हणून घाबरू नका, त्याला सहा महिने ते वर्ष लागू शकतं. ते उतरणीला लागलंय का एवढं पाहायचं. याच काळात डोळ्यांकडे लक्ष ठेवा. बुबुळ धुरकट दिसणं, डोळ्यात रक्त उतरणं, अचानक वस्तूंना धडकणं हे दिसलं तर त्याच दिवशी दाखवा.

आता गोचीड. इथे सगळ्यात जास्त कष्ट आहेत आणि इथेच सगळ्यात जास्त लोक दमून सोडून देतात.

एर्लिकिया पसरवणारा मुख्य गोचीड म्हणजे तपकिरी कुत्रा-गोचीड, ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस. इतर बरेच गोचीड गवतात राहतात. हा घरात राहू शकतो. अंड्यातून निघालेलं सहा पायांचं पिल्लू, मग आठ पायांची मधली अवस्था, मग प्रौढ, असे तीन टप्पे आणि प्रत्येक टप्प्यात त्याला रक्त लागतं, शक्यतो कुत्र्याचंच. प्रत्येक वेळी रक्त पिऊन तो खाली उतरतो, भिंतीच्या भेगेत, दाराच्या चौकटीमागे, अंथरुणाच्या शिवणीत जाऊन कात टाकतो आणि पुन्हा कुत्रा शोधतो. रक्त पिऊन टम्म झालेली मादी भिंत चढून फटीत हजारोंनी अंडी घालते. म्हणून कुत्र्याच्या अंगावर दिसणारे गोचीड हा एकूण संख्येतला लहान वाटा असतो. आईकडून अंड्यात हा जंतू जात नाही. पण पिल्लाने किंवा मधल्या अवस्थेने आजारी कुत्र्याचं रक्त प्यायलं की पुढच्या अवस्थेत तो टिकून राहतो. असा प्रौढ गोचीड पाच महिने उपाशी राहूनही रोग देऊ शकतो, हे प्रयोगात दिसलं आहे. आज तुमच्या भिंतीत असलेल्या काहींनी तुमच्या आजारी कुत्र्याचंच रक्त प्यायलेलं असणार. आणि एकदा रोग झाला म्हणून कायमची प्रतिकारशक्ती येत नाही. बरा झालेला कुत्रा पुन्हा चावला गेला तर पुन्हा आजारी पडतो. उपचारानंतर काही महिन्यांनी परत आलेला रोग जुना की नवा, हे बऱ्याचदा सांगताच येत नाही.

म्हणून औषध कुत्र्यावर आणि घरावर एकाच वेळी. कुत्र्यासाठी आयसोक्साझोलिन गटातल्या गोळ्या, म्हणजे फ्लुरालानेर, अफोक्सोलानेर, सारोलानेर, आज सगळ्यात भरवशाच्या आहेत. अपस्माराचा इतिहास असेल तर आधी सांगा, कारण या गटाबाबत झटक्यांची सूचना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली दिली आहे. या गोळ्यांची एक मर्यादा आहे: गोचीड चावल्यावरच मरतो, आणि एर्लिकिया चावल्यानंतर तीन तासांतच कुत्र्यात जाऊ शकतो असं दिसलं आहे. म्हणून जिथे गोचीड फार आहेत तिथे मी फ्लुमेथ्रिनचा पट्टा किंवा परमेथ्रिनचे थेंब अशी गोचिडाला चिकटूच न देणारी सोबत जोडतो. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन मुळीच नको, मांजर मरू शकतं. आयव्हरमेक्टिनची इंजेक्शनं गोचिडांसाठी सर्रास टोचली जातात. त्यांचा गोचिडांवर परिणाम तोकडा आहे आणि कॉलीसारख्या जातींमध्ये ती मेंदूवर विषासारखी काम करतात. घरात भेगा बुजवा, अंथरूण गरम पाण्यात धुवा, व्हॅक्यूम फिरवा, आणि कीटकनाशकाची फवारणी कुत्र्यांना बाहेर ठेवून, काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा करा, कारण अंडी एका फवारणीत मरत नाहीत. हे दोन-तीन महिने चालवावं लागतं. एका रविवारी होणारं काम नाही.

अंगावरचा गोचीड काढताना हातमोजे घाला, बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला लागून धरा आणि सरळ, सावकाश ओढा. तेल, रॉकेल, पेटती काडी यातलं काहीही नको. नखाने चिरडू नका. कुत्र्याला हात लावल्याने, त्याच्या लाळेतून तुम्हाला हा रोग होत नाही. पण हाच गोचीड माणसालाही चावू शकतो आणि इतर जंतूही वाहतो.

राहिली घरातली दुसरी कुत्री. तिलाही त्याच गोचिडांनी गाठलेलं असण्याची शक्यता दाट आहे, मग ती कितीही उड्या मारत असो. तिला 'खबरदारी म्हणून' डॉक्सीसायक्लिन सुरू करू नका. आधी तिची रक्तगणना आणि प्रथिनं पाहा आणि किट टेस्ट करा. तिच्यासाठी ही टेस्ट पहिल्यांदाच होतेय, त्यामुळे तिला अर्थ आहे. किट निगेटिव्ह आली तर तीन आठवड्यांनी एकदा पुन्हा. किट पॉझिटिव्ह आणि प्लेटलेट कमी किंवा ग्लोब्युलिन जास्त असेल तर तिलाही पूर्ण २८ दिवस. किट पॉझिटिव्ह, पण बाकी सगळं उत्तम, अशा कुत्रीला औषध द्यावं की नाही यावर पशुवैद्यांत मतं वेगळी आहेत. मी अशा वेळी पीसीआर मागवतो. ती पॉझिटिव्ह आली तर उपचार करतो, निगेटिव्ह आली तर दर तीन महिन्यांनी रक्तगणना पाहतो. गोचिडाची गोळी मात्र दोघांनाही एकाच दिवशी, आजच.